भिंत आधी, माणूस मागून

मामांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, ते मी हळदीसारखा पिवळा कुर्ता घालून जिना उतरले म्हणून. त्याआधी दोन महिने मी त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहत होते, रोज सकाळी त्यांच्या आरामखुर्चीसमोरून ऑफिसला जात होते, आणि ते अधूनमधून मला "कोण पाहिजे?" असं विचारत होते. त्या दिवशी मात्र पेपर बाजूला ठेवून ते उठून उभे राहिले.

"काय गे, हें पिवळें कुठे घेटलीस?"

"सांगलीला," मी म्हटलं.

"असें कर, त्या निळ्या फाटकाकडे चालत जा. नक्को, नक्को. मी सांगटलों म्हणून जाऊ नक्को. तू तुज्या कामाला जातेस तशी जा."

आता सांगा, कामाला जातेस तशी जा असं कुणी म्हटल्यावर माणूस कसा चालेल? मी शाळेच्या संचलनात चालावं तशी फाटकापर्यंत गेले. मागून मामांचा निराश आवाज आला, "गेलें! सांगून आणलेलें रंग खोटें असतें." आणि ते पुन्हा पेपरात शिरले. तरी त्या दिवसापासून त्यांनी मला कोण पाहिजे हे विचारणं बंद केलं. त्यांच्या लेखी मी आता 'वरचें पिवळें' झाले होते.

चेन्नईच्या आदंबाक्कममध्ये त्यांचं दुमजली घर. माझी नोकरी पेरुंगुडीच्या एका काचेच्या इमारतीत, दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढण्याची. मराठी घर आहे असं कळलं म्हणून मी हुरळून जागा बघायला गेले, तर मामींनी दारातच म्हटलं, "ये, बैस. कापी पितेस? उन्हांत येऊन तोंड कसें जालें आहे बघ." शब्द ओळखीचे, हेल तमिळ, आणि सगळं मिळून बखरीतल्या माणसानं कॉफी विचारावी तसं. ही तंजावरकडची मराठी घरं. पूर्वज कधीकाळी दक्षिणेत आले, आणि येताना जी भाषा बरोबर आणली ती यांनी अजून घरात वापरात ठेवली आहे, फाटलं तिथे तमिळचं ठिगळ लावून. माझ्या मराठीला मामा 'टीव्हीची मराठी' म्हणत. त्यांच्या मराठीला मी काही म्हणत नसे, कारण घर त्यांचं होतं. गल्लीतले सगळेच त्यांना मामा-मामी म्हणत, मीही म्हणू लागले.

मामा फोटो काढत. रस्त्यावरचे, फक्त रंगीत, आणि फक्त भर दुपारी. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या एका कारखान्यात रंगकामाच्या विभागात काढली होती. तिथे जे काही बने ते एकाच हिरव्या रंगात रंगवायचं. "सकाळीं हिरवें, संध्याकाळीं हिरवें. घरीं येऊन कोथिंबीर बघटलें तरी राग यायचा," असं ते सांगत. मामींची तक्रार अशी, की या माणसानं त्या सगळ्या वर्षांत त्यांना एक हिरवी साडी नेसू दिली नाही. रविवारी मात्र मामा कॅमेरा घेऊन बाहेर पडत ते नोकरीत असल्यापासून. निवृत्त झाल्यावर त्यांना रोजच रविवार झाला.

फोटो काढणारी माणसं पहाटे उठतात, कोवळं ऊन गाठतात, असा माझा समज होता. मामा नऊ वाजता उठत, पोटभर जेवत, आणि सगळं चेन्नई पंखे लावून आडवं झालं की निघत. "कोवळें ऊन अस्क्यांना सुंदर करतें. त्यांत तुमचें काय कौशल्य?" असं त्यांचं म्हणणं. अस्के म्हणजे सगळे. त्यांना डोक्यावरचं ऊन हवं, ज्यात लाल हे लालच दिसतं आणि सावली काजळासारखी काळी पडते. मामी ताकाची बाटली हातात देत आणि म्हणत, "पोलिसांनीं उचलून आणलें तर बाटली तेवढी परत आणा." अंगात नेहमी राखाडी शर्ट. आपल्या कपड्याचा रंग समोरच्यावर पडू नये म्हणून, असं ते सांगत. मामींच्या मते तो शर्ट मुळात पांढरा होता.

त्यांच्या कामाची रीत एका वाक्यात मावते, आणि ते वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं आहे की मी ते झोपेतही म्हणेन: भिंत आधी, माणूस मागून. आधी भिंत शोधायची. चेन्नईत भिंतींना तोटा नाही. जांभळी, पोपटी, शेंदरी, कुठे निम्मी गुलाबी आणि निम्मी आकाशी, भावाभावांच्या वाटणीतून झालेली. मग तिच्यासमोर उभं राहायचं आणि हवा तो रंग चालत येईपर्यंत थांबायचं. रंग कुणाच्या तरी लुंगीचा, छत्रीचा, प्लॅस्टिकच्या घागरीचा. माणूस कोण आहे याच्याशी मामांना देणंघेणं नसे. उलट चेहऱ्याचा त्यांना त्रास होई. "मुख आलें की लोक फोटो बघत नाहींत, मुख बघतात. कोण आहे, कसाला हसतो, विचारत बसतात. मग माज्या भिंतीला कोण बघणार?" त्यामुळे त्यांच्या फोटोत पाठी असत, कोपर असत, छत्रीखालचा काळोख असे, आणि साडीचा पदर फाटकातून अर्धा बाहेर पडलेला असे. मला ते फोटो आधी कळत नसत. पुढे पुढे कळायला लागले, आणि मग ऑफिसला जाताना मीही भिंती बघायला लागले. हा रोग साथीचा आहे.

आता भर दुपारी एखादा माणूस दुसऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून तासभर उभा राहिला, तर भिंतीच्या मालकाला काय वाटेल? आमच्या मागच्या गल्लीत एक जांभळी भिंत होती. मामांचा तिच्यावर फार जीव. तिच्यावर नारिंगी रंग कसा दिसेल या ध्यासानं ते रोज तिथे जाऊन उभे राहत. चौथ्या-पाचव्या दिवशी घरमालक लुंगी खोचून बाहेर आला आणि तमिळमध्ये म्हणाला, "सार, वय झालं की असं होतं, मला समजतं. पण दोन गल्ल्या पुढे सरकारी सोय आहे." मामांनी कॅमेरा दाखवून बरंच समजावलं. घरमालकानं बरंच ऐकून घेतलं. आणि दुसऱ्याच आठवड्यात त्या भिंतीवर गणपती, मुरुगन, येशू आणि मक्केच्या चित्रांच्या चकचकीत फरशा ओळीनं बसवल्या, म्हणजे कुणी तिथे नको ते करू नये. मामा घरी आले ते सरळ जेवायला बसले. "भिंत गेली," एवढंच म्हणाले. मामींनी सांबार वाढता वाढता मला हळूच सांगितलं, "तुमच्यामुळें त्या भिंतीचा उद्धार जाला असें मला ह्यांना सांगायचें होतें, पण जेवूं दे आधी."

घरातही सुटका नव्हती. दोरीवर कपडे वाळत घालणं हे त्या घरात जोखमीचं काम होतं. एकदा अचानक सर आली म्हणून मी धावत गच्चीवर गेले आणि कपडे काढायला लागले, तर खालून ओरडा ऐकू आला, "तें लाल काढूं नक्को!" भिजलेल्या भिंतीसमोर लाल पंचा लटकत होता आणि मामा अंगणात पावसात उभे, कॅमेऱ्यावर छत्री धरून. माझी ऑफिसची सगळी कापडं चिंब झाली. पंच्याचा फोटो मात्र फार सुरेख आला, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं.

आमच्या ऑफिसात हौशी फोटोवाल्यांचा एक गट होता. मी मोठ्या उत्साहानं मामांना तिथे बोलायला नेलं. मुलांनी आधी आपले फोटो दाखवले. समुद्रावरचा सूर्योदय, देवळामागचा सूर्यास्त, पुन्हा समुद्रावरचा सूर्योदय. मामा शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "सूर्याचें काम चांगलें आहे. तुमचें काय आहे तें दाखवा." एका मुलीनं सुरकुतलेल्या म्हातारीचा काळापांढरा फोटो काढला होता. मामांनी तो जवळ घेऊन पाहिला आणि विचारलं, "हिनें कुठल्या रंगाची साडी नेसली होती?" तिला आठवेना. "मग फोटो कोणाचा काढलीस? काळेंपांढरें म्हणजे पथ्याचें जेवण. मीठ काढून टाकतात आणि म्हणतात, किती गंभीर आहे." त्यानंतर त्या गटानं मला पुढच्या पाहुण्यांची नावं सुचवण्याच्या कामातून मोकळं केलं.

ते बोलले ते फटकळपणानं, पण त्यामागे एक गोष्ट होती, आणि ती मला एन्नोरला गेल्यावर कळली. एन्नोर म्हणजे शहराचं उत्तरेचं टोक. बंदर, वीजकेंद्रांची धुराडी, राखेनं गढुळलेली खाडी आणि तिच्या काठाला कोळ्यांच्या वस्त्या. मामा दर रविवारी तिथल्या एका वस्तीत जात, वर्षानुवर्षं. मी एकदा हट्टानं बरोबर गेले. गाडी बदलून, पुढे शेअर रिक्षानं, पुढे चालत. आभाळ राखेचं, पाणी राखेचं, जमीन राखेची. आणि त्या राखेत होड्या भडक निळ्या नि पिवळ्या, घरं गुलाबी, दारं पोपटी, बायकांच्या साड्या अशा की डोळे दिपावेत.

"इथे पेपरवाले येतात, कॉलेजवाले येतात," मामा चालता चालता म्हणाले. "अस्के येऊन काळे फोटो काढतात. बिचारे, बिचारे म्हणून. अगे, ह्या माणसानें पोटाला चिमटा काढून रंगाचा डबा आणला आणि घराला गुलाबी दिला. तो गुलाबी काढून टाकायला तूं कोण?" एवढं बोलून ते थांबले, कारण त्यांची भिंत आली होती.

ती जाळी ठेवायच्या खोलीची भिंत होती, मोरपिशी. तिच्यासमोर एक साठीची बाई सुकायला घातलेली मासळी उलथीपालथी करत होती. दणकट, काळीभोर, नाकात दोन्हीकडे चमक्या आणि अंगावर शेंदरी साडी. मामांना बघून तिनं हाक मारली, "वांगा, कलर सार!" म्हणजे या, रंगवाले साहेब. वस्तीत मामांना हेच नाव होतं, आणि तिला सगळे अम्मा म्हणत. मामांनी मान हलवली आणि जाऊन आपल्या जागी उभे राहिले. बोलणं वगैरे काही नाही. अम्मा तिच्या कामाला लागली, मामा त्यांच्या. ऊन मी म्हणत होतं. मी एका होडीच्या सावलीत बसून बघत होते.

बराच वेळ गेला. अम्मा वाकली, पाठ वळवून टोपली उचलू लागली, शेंदरी पदर मोरपिशी भिंतीवर असा काही पसरला की मलासुद्धा कळलं, हाच तो क्षण. मामांनी कॅमेरा डोळ्याला लावला. आणि बटण दाबलं जातंय तोच अम्मानं मान गर्रकन वळवली आणि कॅमेऱ्यात बघून सगळे दात दाखवून हसली.

"वेस्ट!" मामा ओरडले. बिघडलेल्या फोटोला ते असंच म्हणत, कारखान्यातल्या टाकाऊ मालासारखं.

"मुडिंजुदा सार?" झालं का साहेब, तिनं विचारलं.

"इल्ले," नाही, मामा रागानं म्हणाले.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तासभर उभं राहणं, पुन्हा पाठ, पुन्हा पदर, पुन्हा ऐन वेळी वळलेली मान. तिसऱ्या खेपेला अम्मानं त्यांना स्टीलच्या पेल्यात चहा आणून दिला आणि "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणाली. मामा चहा प्यायले, पण घुश्शातच. परत येताना गाडीत मला म्हणाले, "बाईमाणूस चांगली आहे. पण शिस्त नाहीं. इतक्या वर्षांत पाच-सहाच फोटो देवूं शकली मला." घरी मामींनी त्यांना चपला, पिशवी आणि शर्ट अंगणातच उतरवायला लावला. त्या घरात अंडंसुद्धा शिजत नसे, आणि मामा दर रविवारी सुकटीचा घमघमाट घेऊन दारात उभे. मामींनी त्यावर बोलणं कधीच सोडून दिलं होतं. नुसतं नाकाला पदर लावून साबण पुढे करायच्या.

पुढच्या वर्षी, एका शनिवारी सकाळी, फाटकाशी मोटरसायकल थांबली. चाळिशीचा एक माणूस उतरला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. मी अंगणात होते. त्यानं विचारलं, कलर सारचं घर हेच का. तो अम्माचा मुलगा होता, बंदरावर ट्रेलर चालवणारा. अम्मा आदल्या दिवशी संध्याकाळी गेली होती. मासळी गोळा करता करता छातीत कळ आली आणि संपलं.

मामा आरामखुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. मामींनी मुलाला आत बोलावून पाणी दिलं. मग त्यानं कशाला आलो ते सांगितलं. इकडे घरात कुणी गेलं की लगेच पोस्टर छापतात. मोठा फोटो, नाव, अश्रूंची श्रद्धांजली, आणि ते गल्लीच्या तोंडापासून बस थांब्यापर्यंत भिंतींवर लावतात. संध्याकाळी अंत्ययात्रा निघायच्या आत ती लागायला हवी होती. पुढे तोच फोटो मोठा करून घरात लावायचा.

"मोबाइलमध्ये आहेत फोटो," तो म्हणाला. "पण कुणी मोबाइल धरला की अम्मा चौकीत आणल्यासारखी उभी राहायची. ती स्वतःच सांगायची, माझा चांगला फोटो कलर सारकडे आहे. वेळ आली की तिकडे जाऊन आणा."

मामांचा चेहरा मी बघत होते. तो उतरला. कारण त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

त्यांनी कॉम्प्युटर लावला. एन्नोरचं फोल्डर उघडलं, त्यांचं सगळ्यात लाडकं. मोरपिशी भिंतीवर शेंदरी पाठ. पिवळ्या होडीमागून निघालेला जांभळा पदर आणि एक कोपर. निळ्या ताडपत्रीखाली काळी सावली, तिच्यातून बाहेर आलेला बांगड्यांचा हात. एरवी हे फोटो बघताना मामा दर फोटोला स्वतःच दाद देत. आज नुसते बटण दाबत होते.

मुलगा पुढे वाकून बघत होता. "ही अम्माच," तो म्हणाला. "हा हात अम्माचा. ही साडी मी पोंगलला घेतलेली." मग अगदी हळू, "सार, मुख?"

मामा पुढचा फोटो दाखवत. पुन्हा पाठ.

सगळे फोटो संपले. मुलगा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "सार, इतकी वर्षं दर आठवड्याला तुम्ही आमच्याकडे येऊन काय बघत होता?"

मामींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी जमिनीकडे. या माणसाची आम्ही दोघींनी मनसोक्त चेष्टा केली होती, पण त्या क्षणी मला त्यांच्याकडे बघवेना. रंग काढून टाकणारा तू कोण, असं जगाला विचारणारा माणूस. आणि कुणीतरी साध्या शब्दांत त्याला विचारलं होतं, की तू काय काढून टाकलंस.

मामांनी माउस सोडला. "वेस्ट उघड," ते मला म्हणाले.

मला वाटत होतं की बिघडलेले फोटो ते पुसून टाकत असतील. पण कारखान्यातली सवय, काही फेकायचं नाही. खाली एका कोपऱ्यात त्यांनी त्या नावाचं फोल्डर ठेवलं होतं, आणि स्वतः ते कधी उघडून पाहिलं नव्हतं. मी उघडलं, आणि पडदा अम्माच्या चेहऱ्यांनी भरून गेला.

शेंदरी साडीतली अम्मा, मान वळवून हसणारी. तिच्या आधीची, जरा बारीक, डोळे मिचकावणारी. त्याच्याही आधीची, काळ्या केसांची, जीभ बाहेर काढलेली. टोपलीच्या वरून बघणारी, होडीच्या आडून डोकावणारी, एका फोटोत तर कमरेवर हात ठेवून मामांना झापणारी. मी खाली खाली जात होते आणि अम्मा तरुण होत होती. प्रत्येक फोटोत ती थेट बघत होती, कॅमेऱ्याच्या मागच्या माणसाकडे.

मुलगा हसायला लागला. हसता हसता त्यानं तोंडावर हात धरला आणि रडू लागला. मामींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. कुणाच्या हातचं, कुणाच्या जातीचं, अंगाला वास कसला, यातलं काही त्यांच्या मनात आलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण एरवी त्या फार कडक.

"मुद्दाम करायची ती," डोळे पुसत तो म्हणाला. "आम्ही ओरडायचो, अम्मा, सारचं काम का बिघडवतेस? ती म्हणायची, अरे, हा माणूस इतक्या लांबून येतो, जेवत नाही, बोलत नाही, उन्हात उभा राहतो. त्याला हवा तो फोटो मिळाला की तो परत येईल का? म्हणून बरोबर वेळेवर बघायचं."

मामा पडद्याकडेच बघत होते. "माज्याकडे बघत होती ती," एवढंच म्हणाले, आणि चष्मा काढून राखाडी शर्टाला पुसू लागले.

मुलानं शेंदरी साडीतला फोटो निवडला. मामांनी तो पेन ड्राइव्हवर भरून दिला, आणि आम्ही तिघंही त्याच्या मागोमाग एन्नोरला गेलो. मामी पहिल्यांदाच. दुपारपर्यंत पोस्टर लागली होती. छापणाऱ्यानं आपली सगळी कला पणाला लावली होती. अम्माच्या मागची मोरपिशी भिंत कापून तिथे बर्फाचे डोंगर घातले होते, वर पांढरी कबुतरं, खाली गुलाब, आणि अम्माला इतकं गोरं केलं होतं की ती लाजली असती. एरवी अर्ध्या छटेसाठी छापखान्यात भांडणारे मामा त्या पोस्टरसमोर उभे राहिले. मी जीव मुठीत धरून होते. त्यांनी रंगांबद्दल अवाक्षर काढलं नाही. हसू तेवढं तिचंच होतं, तसंच्या तसं.

त्यानंतर किती तरी रविवार मामा गेले नाहीत. घरात बसून पेपर वाचत, आणि मामींनी स्वतःहून हिरवी साडी नेसली तरी मान वर करत नसत. शेवटी मामींनीच ताकाची बाटली भरून हातात दिली आणि म्हणाल्या, "जा. घरांत बसून माज्या तोंडाकडे बघूं नक्का, सवय नाहीं मला." मामा गेले.

संध्याकाळी परत आले ते सरळ कॉम्प्युटरपाशी, आणि मला हाक मारली. मोरपिशी भिंत. तिच्यासमोरून शेंदरी साडी नेसलेली कोणी बाई जात होती, बहुधा अम्माची सून. पाठ पूर्ण वळलेली, पदर पसरलेला, सावली काजळासारखी, एक रेघ इकडची तिकडे नाही. इतकी वर्षं ज्याच्यासाठी ते उन्हात उभे राहिले होते तो फोटो हाच, हे मला बघताक्षणीच कळलं. पहिल्या झटक्यात मिळाला, असं मामा म्हणाले. कुणी मध्ये आलं नाही.

"मामा, फार सुंदर आहे," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

त्यांनी मान हलवली. मग माझ्यासमोर तो फोटो उचलून वेस्टच्या फोल्डरमध्ये टाकला.

"अहो, चुकीच्या जागी टाकलात," मी म्हटलं. "हा चांगल्यातला आहे."

"ठाऊक आहे गे," मामा म्हणाले. "पण ह्यांत कोण बघत नाहीं."